रशियाच्या सीमेजवळचा उन्हाळी वर्ग: एस्टोनियात प्रादेशिक सुरक्षा शिकायला जाताना

नार्वाच्या किल्ल्यातून बाहेर पाहिलं की समोर दुसरा किल्ला दिसतो. मधून नदी वाहते. अलीकडे एस्टोनिया, म्हणजे युरोपीय संघ आणि नाटो. पलीकडे इव्हानगोरोद, म्हणजे रशिया. नदी एवढी अरुंद आहे की पलीकडच्या काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाच्या टोपीचा रंगसुद्धा ओळखता येतो. दोन्ही काठांना जोडणाऱ्या पुलाचं नाव ‘मैत्री’. त्यावरून आता गाड्या जात नाहीत. लोक पिशव्या सावरत, बॅगा ओढत पायी जातात आणि तपासणीच्या रांगेत ताटकळतात. ‘बफर झोन’ (दोन सत्तांना दूर ठेवणारा मधला पट्टा), ‘डिटरन्स’ (समोरच्याला हल्ल्याची हिंमत होऊ नये अशी जरब) हे शब्द मी पुण्यात दोन वर्षं परीक्षेत लिहीत होतो. त्यांचा अर्थ मला त्या रांगेकडे बघताना कळला.

परराष्ट्र धोरण आणि प्रादेशिक सुरक्षा या विषयांवर उन्हाळी अभ्यासक्रम करायचा म्हटलं की आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर लंडन, जिनिव्हा, द हेग ही नावं येतात. ती उत्तमच आहेत. पण ज्यांना प्रादेशिक सुरक्षा शिकायची आहे, त्यांना मी सरळ सांगतो: जिथे हा प्रश्न लोकांच्या दारात उभा आहे, अशा जागी जा. एस्टोनिया तशी जागा आहे. सगळ्या देशाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत, नुसत्या पुणे शहरात याच्या दुपटीहून जास्त माणसं राहतात. रशियाशी थेट सीमा. १९४० पासून पाच दशकं सोव्हिएत (आणि मधली तीन वर्षं नाझी) ताब्यात, २० ऑगस्ट १९९१ ला स्वातंत्र्याची पुनर्स्थापना, २००४ मध्ये आधी नाटो आणि मग युरोपीय संघ. पुढचं सगळं तिथे जाण्याच्या तयारीबद्दल आहे. अर्ज आणि व्हिसाचा भाग मात्र युरोपातल्या दुसऱ्या ठिकाणांनाही बराचसा लागू पडेल.

पहिली पायरी: नाव नव्हे, वेळापत्रक वाचा

शोध आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर लगेच सुरू करा. उन्हाळी वर्ग साधारण जून ते ऑगस्टमध्ये भरतात. त्यांचे अर्ज हिवाळ्यात उघडतात आणि शिष्यवृत्तीची किंवा शुल्क-सवलतीची मुदत बहुतेक वेळा सर्वांत आधी संपते. आपल्या परीक्षा मे-जूनपर्यंत लांबतात, म्हणून तारखांची टक्कर होते का ते आधी बघा.

मग अभ्यासक्रमाचं रोजचं वेळापत्रक मिळवा. संकेतस्थळावर नसेल तर ईमेल करून मागा. तीन गोष्टी तपासा. शिकवणारे कोण आहेत: सगळेच प्राध्यापक, की त्यांत मंत्रालयात, सैन्यात, सीमा सुरक्षेत काम केलेलंही कुणी आहे? क्षेत्रभेटी किती आणि कुठे? आणि संकट-सराव आहे का, म्हणजे विद्यार्थ्यांना देशांच्या भूमिका देऊन काल्पनिक पेचप्रसंग हाताळायला लावणारा सराव? हा सराव नसेल तर मी तो वर्ग निवडणार नाही. बाकीची व्याख्यानं घरबसल्या ऐकता येतात.

क्रेडिटचंही बघा. युरोपातली क्रेडिट ईसीटीएस पद्धतीत मोजतात. एस्टोनियात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं २६ तासांचं काम, त्यात वाचन आणि लेखनही धरलेलं असतं. परत आल्यावर ती आपल्या विद्यापीठात धरली जावीत असं वाटत असेल तर जाण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून लेखी होकार घ्या. परत येऊन विचारलंत तर फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.

राहायला तालिन की तार्तू? तालिन ही राजधानी. मंत्रालयं, दूतावास, २००८ मध्ये स्थापन झालेलं नाटोचं सायबर संरक्षण केंद्र, सुरक्षाविषयक अभ्यास संस्था हे सगळं तिथे. माझा कौल मात्र तार्तूला. १६३२ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, पायी फिरता येईल एवढं गाव आणि पावलोपावली विषय. वानेमुइसे रस्त्यावरच्या एका इमारतीत २ फेब्रुवारी १९२० ला सोव्हिएत रशियाने एस्टोनियाचं स्वातंत्र्य कायमसाठी मान्य करणारा करार केला, आणि वीस वर्षांत तो मोडला. रीया रस्त्यावर केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेच्या जुन्या कोठड्यांचं संग्रहालय आहे. त्याच रस्त्यावर तिन्ही बाल्टिक देशांनी (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) मिळून १९९९ मध्ये उघडलेलं बाल्टिक डिफेन्स कॉलेज आहे. एका इमारतीतून दुसरीत चालत जाताना तुम्ही त्या देशाचा अर्धा इतिहास ओलांडता.

दुसरी पायरी: अर्जातलं पत्र

इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. हेतुपत्रात आपण लिहितो: ‘मला लहानपणापासून आंतरराष्ट्रीय संबंधांची आवड आहे, भारत ही उदयोन्मुख महासत्ता आहे आणि या अभ्यासक्रमामुळे माझी क्षितिजं विस्तारतील.’ निवड करणाऱ्या माणसाने असं पत्र शंभरदा वाचलेलं असतं. मीही पहिल्यांदा असंच लिहिलं होतं. माझ्या बाईंनी ते परत केलं आणि एकच विचारलं, “तुला तिथल्या माणसाला नेमकं काय विचारायचंय?”

त्या एका प्रश्नावर पत्र उभं करा. उदाहरणार्थ: ‘मोठ्या शेजाऱ्याशी व्यापार चालू ठेवून त्याच्यापासून संरक्षणही करायचं, हे भारत चीनच्या बाबतीत करतो. बाल्टिक देशांनी रशियाच्या बाबतीत ऊर्जेपासून सुरुवात करून हा धागा तोडायचा निर्णय घेतला. त्याची किंमत त्यांनी कशी मोजली, हे मला समजून घ्यायचं आहे.’ याला आधार हवा, तो असा: फेब्रुवारी २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया रशिया-बेलारूसच्या सोव्हिएतकालीन वीजजाळ्यातून बाहेर पडले आणि दुसऱ्याच दिवशी युरोप खंडाच्या जाळ्याला जोडले गेले. नेमका प्रश्न, एक ठोस घटना आणि तुमच्या स्वतःच्या प्रदेशाशी जोड. एवढं असलं की पत्र एका पानात संपतं, आणि संपवावंच.

शिफारसपत्र तुम्हाला ओळखणाऱ्या शिक्षकांकडूनच घ्या. मोठ्या पदावरच्या अनोळखी माणसाच्या दोन गुळगुळीत ओळींपेक्षा तुमचा प्रबंध तपासलेल्या अध्यापकाचा एक परिच्छेद भारी पडतो.

तिसरी पायरी: व्हिसा आणि पैसे

एस्टोनिया शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. दोन-चार आठवड्यांच्या वर्गासाठी अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. म्हणून निवडपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात वेळ घ्या. मे-जूनमध्ये अख्खा भारत युरोपला निघालेला असतो आणि व्हिसा केंद्रांच्या तारखा भराभर संपतात. तुमच्या जवळच्या कोणत्या शहरात अर्ज घेतात ते दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

कागदांत विद्यापीठाचं निमंत्रण, राहण्याची सोय, परतीचं तिकीट, बँकेचं विवरण, कॉलेजचं बोनाफाईड आणि खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं पत्र व आयकर विवरणपत्र ठेवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, शेंगेनमधून निघाल्यानंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस झाकणारा लागतो. माझ्या विम्याची मुदत परतीच्या तारखेच्या एक दिवस आधी संपत होती. ते केंद्रावरच्या खिडकीशी लक्षात आलं आणि पुन्हा वेळ घ्यावी लागली. तिकीट, विमा आणि निमंत्रण शेजारी ठेवून तारखा बोटाने ताडून पाहा.

मुंबईहून तालिनला थेट विमान नाही. हेलसिंकीपर्यंत विमानाने जाऊन पुढे फिनलंडच्या आखातातून बोटीने जाता येतं, साधारण दोन तास लागतात. जमलं तर असंच जा. वर्गात ज्या आखाताबद्दल तासन्‌तास बोलायचंय, ते आधी डोळ्यांनी बघून होतं. तालिनहून तार्तूला बसने अडीच तास.

खर्चाचा अंदाज काढताना शुल्कात काय धरलंय ते विचारा: राहणं, जेवण, क्षेत्रभेटींचा प्रवास? ‘शुल्क कमी’ दिसणारा वर्ग हे सगळं मिळून महाग पडू शकतो. वसतिगृहात स्वयंपाकघर असेल तर शाकाहारी माणसाची काळजी मिटते. राय धान्याचा काळा पाव पोळीसारखा दिसत नाही, पण दही-लोण्याबरोबर छान लागतो. कोहुके नावाचा पदार्थ तर आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटेल: चॉकलेटच्या आवरणातला गोड चक्का. जूनमध्ये तिथे रात्री दहा वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या, नाहीतर झोपेचं खोबरं होतं. २३ आणि २४ जूनला सुट्टी असते, त्या दिवसांत दुकानं आणि कचेऱ्यांची कामं धरू नका.

चौथी पायरी: निघण्यापूर्वीचा महिना

सगळ्यात जास्त मेहनत इथे करा. वर्ग दोन आठवड्यांचा असेल तर तिथे जाऊन पाया घालायला वेळ नसतो.

आधी नकाशा, हाताने काढलेला. बाल्टिक समुद्र काढा आणि त्यात पाच जागा दाखवा. नार्वा. कालिनिनग्राद, म्हणजे पोलंड आणि लिथुआनियामध्ये अडकलेला रशियाचा तुकडा. कालिनिनग्राद आणि बेलारूसमधली पोलंड-लिथुआनिया सीमेची चिंचोळी पट्टी, जिला सुवाउकी खिंड म्हणतात. जमिनीवरून बाल्टिक देशांना नाटोच्या बाकी भागाशी जोडणारी एवढीच वाट आहे. स्वीडनचं गोटलंड बेट. आणि फिनलंडची ऑलंड बेटं, जिथे आंतरराष्ट्रीय करारांमुळे आजही सैन्य ठेवता येत नाही. मग फिनलंड (४ एप्रिल २०२३) आणि स्वीडन (७ मार्च २०२४) नाटोत आल्याच्या तारखा नकाशावर लिहा. समुद्राचा जवळजवळ सगळा किनारा एका रंगाचा होतो आणि गेल्या काही वर्षांत काय बदललं ते न सांगता दिसतं.

मग मूळ कागद वाचा. नाटो ज्यावर उभी आहे त्या उत्तर अटलांटिक करारात फक्त १४ कलमं आहेत. पाचवं कलम शब्दशः वाचा: एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला सर्वांवरचा मानला जाईल असं ते म्हणतं, पण मदत म्हणून प्रत्येकाने नेमकं काय करायचं ते त्या-त्या देशाला ‘आवश्यक वाटेल’ त्यावर सोडतं. तिथल्या माणसांची झोप उडवणारा प्रश्न या दोन शब्दांत दडलेला आहे. चौथं कलम सल्लामसलतीचं. सप्टेंबर २०२५ मध्ये तीन रशियन मिग-३१ विमानं सुमारे बारा मिनिटं एस्टोनियाच्या हवाई हद्दीत राहिल्यावर एस्टोनियाने तेच वापरलं. एस्टोनियाची परदेशी गुप्तवार्ता संस्था दरवर्षी एक सार्वजनिक अहवाल काढते, इंग्रजीतही. तो जरूर वाचा. मात्र कुठलीही सरकारी संस्था स्वतःच्या देशाच्या नजरेतून लिहिते, हे मनात ठेवून वाचा.

तिसरी तयारी स्वतःच्या देशाची. याबद्दल मी थोडं सविस्तर लिहितो, कारण आपली मुलं इथेच गांगरतात.

तुम्ही भारतीय आहात हे कळल्यावर पहिल्या दोन दिवसांत कुणीतरी विचारणारच: भारत रशियाकडून तेल का घेतो? २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १४१ देशांनी रशियाच्या आक्रमणाविरुद्ध मत दिलं, तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत का होता? विचारणारा टोमणा मारत नसतो, त्याला खरंच कळत नसतं. आपल्या घरात सोव्हिएत संघाची आठवण वेगळी आहे. ९ ऑगस्ट १९७१ चा मैत्री करार, त्या डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत आपल्या बाजूने वापरलेला नकाराधिकार, कराचीवर हल्ला चढवणाऱ्या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र नौका. मुंबईत नौदलातल्या कुटुंबांमध्ये ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात. माझ्या शेजारी बसणाऱ्या एस्टोनियन मुलीच्या घरची आठवण मार्च १९४९ ची होती. त्या महिन्यात चार-पाच दिवसांत एस्टोनियातून सुमारे वीस हजार माणसं गाड्यांत भरून सायबेरियाला पाठवली गेली, त्यात बायका, मुलं आणि म्हातारेच जास्त. तिची आजी तेव्हा सहा वर्षांची होती. आजीच्या आईने निघताना शिवणयंत्राचं डोकं उचलून घेतलं होतं आणि पुढची सात वर्षं त्या यंत्रावर घर चाललं. ती हे शांतपणे सांगत होती. मी १९७१ ची गोष्ट सांगितली, तीही तिने तितक्याच शांतपणे ऐकून घेतली. एकाच सत्तेच्या दोन आठवणी आमच्या टेबलावर होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

म्हणून जाण्यापूर्वी भारताच्या भूमिकेवर दहा मिनिटं बोलता येईल इतकी तयारी करा. शस्त्रांच्या सुट्या भागांचं अवलंबित्व, ऊर्जेचे दर, चीन-रशिया जवळीक वाढू न देण्याचा हिशेब, हे मुद्दे समजून घ्या. त्यावरची टीकाही समजून घ्या. तुम्ही सरकारचे प्रवक्ते म्हणून गेलेला नाहीत. ‘माझ्या देशाने असं केलं, त्याची कारणं ही, आणि माझं स्वतःचं मत हे’ एवढं वेगळं करून सांगता आलं की चर्चा भांडणाकडे जात नाही. गलवानबद्दलही तयारी ठेवा. जून २०२० मध्ये तिथे काय झालं हे युरोपातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसतं आणि ते मनापासून ऐकतात.

पाचवी पायरी: तिथे पोचल्यावर

पहिल्याच दिवशी ‘चॅटम हाउस नियम’ सांगितला जाईल. अर्थ साधा: इथे ऐकलेली माहिती वापरा, पण ती कुणी सांगितली किंवा ती व्यक्ती कुठल्या संस्थेची, ते उघड करायचं नाही. वक्त्याबरोबरचा फोटो त्याच्या वाक्यासह इन्स्टाग्रामवर टाकला तर नियम मोडतो आणि पुढच्या वर्षी तो अधिकारी येत नाही. वहीत नाव न लिहिता नोंद ठेवायची सवय लावा.

वर्गातल्या स्थानिक मुलांशी बोला. एस्टोनियात पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे, त्यामुळे विशी-पंचविशीचा तुमचा बाकमित्र खंदकात झोपून आलेला असू शकतो. त्याचबरोबर रशियन बोलणाऱ्या एस्टोनियन मुलांशीही बोला. देशाची जवळपास एक-पंचमांश लोकसंख्या रशियन वंशाची आहे. नार्वात तर बहुतेक सगळे घरी रशियनच बोलतात. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथलं सोव्हिएत रणगाड्याचं स्मारक सरकारने हलवलं. त्याबद्दल तालिनमधला माणूस आणि नार्वातली आजीबाई एकच उत्तर देणार नाहीत. हे दोन्ही ऐकल्याशिवाय तुमचा अभ्यास एकांगी राहील.

नार्वाला जाल तेव्हा सीमेवरच्या सूचना काटेकोर पाळा, गणवेशातल्या माणसांचे आणि तपासणी नाक्याचे फोटो काढू नका. हौस म्हणून पूल ओलांडायचा विचारही नको. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतीची वाटच बंद होईल.

तार्तूतला एक दुपारचा वेळ राष्ट्रीय संग्रहालयासाठी ठेवा. २०१६ मध्ये उघडलेली ही लांबलचक काचेची इमारत सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांच्या जुन्या धावपट्टीला जोडूनच बांधली आहे, जणू धावपट्टीच वर उचलली जाते आहे. याच तळामुळे सोव्हिएत काळात परदेशी माणसाला तार्तूत रात्री मुक्काम करता येत नसे. या तळावरच्या विमानदलाचा शेवटच्या वर्षांतला प्रमुख होता जोखार दुदायेव, पुढे चेचन्याचा अध्यक्ष.

संकट-सराव कसा खेळायचा

आमच्या सरावात फिनलंडच्या आखातात समुद्राखालची केबल तुटली होती. मला फिनलंडची भूमिका होती. पहिल्या तासात सगळ्यांनी एकच चूक केली: ‘हे रशियाने केलं’ असं धरून निवेदनं लिहायला घेतली. मार्गदर्शकांनी थांबवलं आणि विचारलं, जहाज कुणाचं? कुठल्या देशाच्या ध्वजाखाली? केबल तुटली ती जागा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे देशाच्या सागरी हद्दीच्या, आत की बाहेर? बाहेर असेल तर जहाज थांबवायचा अधिकार कोणत्या कायद्याने? खोली एकदम शांत झाली.

हा प्रश्न कागदी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या दिवशी एस्टलिंक-२ ही फिनलंड आणि एस्टोनियाला जोडणारी समुद्राखालची वीजवाहिनी तुटली, फिनलंडने ‘ईगल एस’ हे तेलवाहू जहाज ताब्यात घेतलं, खटला भरला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्रच नाही म्हणून आरोप फेटाळले. सरावात उतरताना आधी हे तीन विचारा: काय माहीत आहे, काय नुसता अंदाज आहे, आणि कुठल्या कायद्याने हात पोचतो. आपल्या गटातल्या एकाला फक्त नोंदी ठेवायला बसवा. तीन तासांनी कुणी कधी काय कबूल केलं होतं हे तोच सांगू शकतो. आणि भूमिका प्रामाणिकपणे वठवा. तुम्हाला रशिया मिळाला तर रशियाचा युक्तिवाद जमेल तितका भक्कम करा. समोरच्याचं शिक्षण त्यावर अवलंबून असतं.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यातच वही उघडून नोंदी टंकून काढा. पंधरा दिवसांनी स्वतःचंच अक्षर लागत नाही. गुणपत्रिकेची विद्यापीठाने शिक्का मारलेली प्रत मागून घ्या आणि क्रेडिटचा अर्ज पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत द्या. शिक्षकांना आभाराचा ईमेल पाठवताना एक खरा प्रश्नही विचारा. माझ्या एका प्रश्नावर तिथल्या प्राध्यापकांनी दोन पानी उत्तर आणि वाचनाची यादी पाठवली होती.

शेवटचा शोधनिबंध शक्य असेल तर आपल्या भागावर लिहायची परवानगी मागा. मी मुंबईवर लिहिला. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या अनेक आंतरराष्ट्रीय केबल येऊन उतरतात, आणि त्यांतल्या काही तांबड्या समुद्रातून येतात. त्या हद्दीबाहेर तुटल्या तर भारताचा हात कुठवर पोचतो, हा माझा प्रश्न होता. मी लहानपणापासून सुट्टीत मावशीकडे त्याच किनाऱ्यावर जात होतो; निबंधासाठी पुन्हा गेलो तेव्हा कोळी बांधव जाळी दुरुस्त करत बसले होते आणि केबल कुठून जाते ते त्यांनी मला हाताने दाखवलं, कारण नांगर कुठे टाकायचा नाही हे त्यांना माहीत असावं लागतं.